तिसऱ्या रांगेतला खोकला

मी, चिंतामण रामचंद्र खंडवेकर, वय ७७, राहणार अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या गल्लीत, इंदूर, पूर्वी मिलच्या विणाईखात्यात सुपरवायझर आणि सध्या कोणीच नाही, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, निळ्या शाईने, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. डोकं शाबूत आहे. तसा दाखला डॉ. श्रीहरी पुराणिक यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. दाखला देताना त्यांनी विचारलं, "काका, आज वार कोणता?" मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, रिटायर माणसाला वार विचारू नये. नाटकाची तारीख विचारा, सांगतो." त्यांनी मुकाट्याने सही केली.

मृत्युपत्र आताच करण्याचं कारण असं की येत्या मंगळवारी, ११ नोव्हेंबरला, माझ्या गळ्याचं ऑपरेशन आहे. स्वरयंत्राला गाठ आहे. सर्जन म्हणाले, जीवाला फारसा धोका नाही, पण आवाज राहील असं लिहून देणार नाही. मी तंबाखू कधी खाल्ली नाही. वीस वर्षं लूमशेडमध्ये ओरडलो, त्याने झालं का, असं विचारलं, तर म्हणाले त्याने होत नाही. मग कशाने होतं, तर ते त्यांनाही नीट ठाऊक नाही. असो. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

कलम १. घर. हे मकान मी आणि सौ. सुहासिनीने दोघांच्या पगारातून बांधलेलं आहे, वडिलोपार्जित नाही. माझा जो काही हिस्सा आहे तो सुहासिनीला हयातभर, तिच्यानंतर मुलगा यतीन याला. तिच्या हयातीत पुढचं बकुळीचं झाड कोणी तोडू नये. कार उभी करायला जागा नाही, असं यतीन दहा वर्षं म्हणतो आहे. कार लहान घे, बाबा.

कलम २. बँक आणि पोस्टातलं जे आहे त्याची यादी जोडली आहे. सगळं दोघांच्या नावावर आहे, त्यामुळे सुहासिनीला कोणाचं तोंड बघावं लागणार नाही. इथे आकडे लिहून कागद खराब करत नाही.

कलम ३. हत्यारं. पत्र्याच्या पेटीतले पाने, पक्कड, पेचकस, सगळं माझा पुतण्या धनेश याला द्यावं. त्यातला मोठा पाइप-पाना पेटीत सापडणार नाही, कारण तो धनेशकडेच आहे, २०११ पासून. "काका, दोन दिवसांत आणून देतो," म्हणाला होता. आता आणून देण्याची गरज नाही, पण तो माझा होता हे त्याने लक्षात ठेवावं. धनेशबद्दल आणखी एक तक्रार पुढे येईल.

कलम ४. मिल बंद झाली त्या दिवशी मी शेडमधून एक धोटा, मागात आडवा दोरा नेणारा, घेऊन आलो. लाकडी आहे, दोन्ही टोकांना पितळ, हाताला गुळगुळीत लागतो. चोरीच म्हणायची, पण ज्याची चोरी झाली तो मालकच राहिला नाही. हा धोटा नात स्वानंदी हिला. लहानपणी ती त्याला होडी म्हणायची.

त्या शेडमध्ये साडेतीनशे माग एकदम चालायचे. शेजारच्या माणसाला "आग लागली" म्हणून सांगायचं तरी पोटातून ओरडावं लागे. माझा आवाज तिथे कमावला गेला. घरी आल्यावर सुहासिनी म्हणायची, "अहो, मीठ मागताय की मोर्चा काढताय?" हे लिहिण्याचं कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ५. तिसरी रांग, पहिली खुर्ची. ही खुर्ची माझ्या मालकीची नाही, मालव संगीत नाट्य मंडळाची आहे. पण सत्तेचाळीस वर्षं मी त्यावर बसलो, आणि बसण्याचं एक काम होतं. ते काम कोणाला द्यायचं हे ठरवायला हवं. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. कायद्याच्या माणसाला घाई असेल तर त्याने सरळ कलम ८ वाचावं.

आमच्या मंडळाने 'संगीत कनकमंजिरी' हे जुनं नाटक पहिल्यांदा पुन्हा उभं केलं ते १९७८ साली. इथल्याच एका शाळामास्तरांनी संस्थानी काळात लिहिलेलं, मधे पन्नास वर्षं धूळ खात पडलेलं. तिसऱ्या अंकात कनकमंजिरी माहेर सोडून निघते, पालखी दाराशी उभी आहे, आणि ती एक पद म्हणते, 'कशी उचलू पाऊल दाराबाहेर'. सगळं नाटक त्या पदावर उभं आहे. पदाला वन्समोर मिळाला तर नाटक झालं, नाही तर चार तास खुर्च्या तापवल्या.

आता आमचा इंदूरचा मराठी प्रेक्षक. बाहेरगावची मंडळी म्हणे खुर्चीतून उठून ओरडतात. आमच्याकडे माणूस नाटक बघतो, शांतपणे घरी जातो, आणि दुसऱ्या दिवशी पोहे खाताना शेजाऱ्याला सांगतो, "अरे यार, काय गायली ती!" गाणाऱ्याला सांगायची पद्धत नाही. पहिलं कोणी ओरडायचं, याची सगळ्यांना लाज. सेक्रेटरी यशवर्धनराव मला म्हणाले, "चिंतामण, मला फक्त एक माणूस पाहिजे. पहिल्याला लाज वाटते, दुसऱ्याला वाटत नाही. तुझ्याकडे आवाज आहे, तू पहिला हो." अशी माझी नेमणूक झाली. फुकट पास, आणि मध्यंतरात एक कचोरी.

सोपं काम नाही हं. लवकर ओरडलं तर शेवटची तान चिरडते. उशीर झाला तर नटी पुढचं वाक्य बोलायला लागते. ऑर्गनवर अरविंद चांदोरकर बसायचा. पद संपलं की तो पाय मारत शेवटचा सूर एक श्वासभर धरून ठेवायचा, माझ्यासाठी. त्या सुरात माझा "वन्समोऽऽर!" पडायचा, आणि मग सगळं सभागृह मागोमाग. लोकांना इतकी सवय झाली होती की माना आधीच तिसऱ्या रांगेकडे वळायच्या.

कलम ६. कनकमंजिरी आजवर चार जणांनी केली. कोणाला काय मिळालं हे मंडळाच्या स्मरणिकेत चुकीचं छापलेलं आहे, म्हणून इथे नोंदवतो.

पहिला मालोजी. होय, पुरुष. जुन्या रिवाजाप्रमाणे एक तरी प्रयोग पुरुषाने करावा असं ठरलं. मालोजी पाणीपुरवठ्यात नळ दुरुस्त करायचा. हातावर केस, म्हणून पूर्ण बाह्यांचं पोलकं. तो आला आणि बायकांच्या बाजूने खुसखुस सुरू झाली. मागच्या रांगेतली पोरं तर हसायलाच आली होती. पदाची दुसरी ओळ लागली आणि हसू थांबलं. पुढचे म्हातारे उपरण्याने डोळे पुसत होते, त्यांनी लहानपणी असेच पुरुष पाहिले होते. मी ओरडलो. मग तीन वेळा म्हणावं लागलं त्याला ते पद. प्रयोगानंतर एक आजीबाई विंगेत येऊन त्याची अलाबला घेऊन गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "बाळा, आमच्या नळाला पाणी येत नाही रे."

दुसरीबद्दल कलम ७ मध्ये लिहितो.

तिसरी शर्वरी, २००६. पुण्याची, नवरा पीथमपूरला मोटारीच्या कारखान्यात. गळा तयार, तान अशी की मोजता येऊ नये. तिच्या प्रयोगाला पीथमपूरची नवी मंडळी बस करून आली होती. ती प्रत्येक तानेला टाळी देत होती. आमचे जुने लोक हाताची घडी घालून बसले, "हे पद आहे की कसरत?" पण पाचव्या-सहाव्या तानेला त्यांच्याही घड्या सुटल्या. वन्समोर माझ्या आधी पीथमपूरवाल्यांनीच दिला. मी तोंड उघडून तसाच बसलो. आणि धनेशने, माझ्या सख्ख्या पुतण्याने, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. कनकमंजिरीच्या पदाला शिट्टी! ही ती तक्रार. नंतर शर्वरी मला म्हणाली, "काका, तुमचं इंदूर फार गप्प हो." मी म्हटलं, "पोरी, इंदूर उद्या सकाळी बोलेल, पोह्याच्या ठेल्यावर."

चौथी आमची स्वानंदी, यंदाच्या सप्टेंबरात. यतीनची मुलगी, वय तेवीस, कॉम्प्युटर कंपनीत काम करते. घरात आमच्याशी मराठी, बाकी सगळं हिंदी, आणि रागावली की इंग्रजी. तालमीत मला विचारते, "आबा, ही इतकी रडते का? मायका सोडते आहे, ठीक आहे, पण वीकेंडला येऊ शकते ना?" मी म्हटलं, "पालखीने वीकेंडला येता येत नाही, बेटा." पण गळा आजीचा. अगदी तोच. पहिल्या तालमीला मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो.

तिच्या प्रयोगाला ऑफिसातली पोरं आली, भंवरकुआंच्या क्लासमध्ये शिकवणारे तिचे दोस्त आले. अर्ध्यांना मराठी येत नव्हतं. पद सुरू झालं तसे सगळ्यांनी मोबाईल वर धरले. त्यांना आवडलं होतं, मी सांगतो, आवडल्याशिवाय कोणी एवढा वेळ हात वर धरत नाही. पण हात मोबाईलला गुंतलेले, टाळी कशी वाजणार? पद संपलं. अरविंदने सूर धरला, आता तो बहात्तरचा आहे, पाय दुखतात, तरी धरला. मी श्वास घेतला आणि ओरडलो. नुसती हवा बाहेर आली. पुन्हा ओरडलो. पुन्हा हवा. शेजारी सुहासिनी बसली होती, तिने माझ्याकडे पाहिलं. सभागृह शांत. स्वानंदी पालखीला हात लावून उभी होती, मग तिने पुढचं वाक्य घेतलं.

घरी येऊन म्हणाली, "आजी, लोक बोर झाले का? सच सच बता." दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरकडे गेलो, आणि गाठ निघाली ती अशी.

कलम ७. कॅसेट. माझ्या कपाटात, स्वेटरच्या खाली, एक ऑडिओ कॅसेट आहे. वर काही लिहिलेलं नाही. ती रविवार, २९ जानेवारी १९८४, दुपारी चारच्या प्रयोगाची आहे. अरविंदने ऑर्गनपाशी टेपरेकॉर्डर ठेवला होता. त्या प्रयोगात कनकमंजिरी सौ. सुहासिनी खंडवेकर हिने केली होती. माझी पत्नी. तेव्हा एकतीस वर्षांची, मुलींच्या शाळेत गणित शिकवायची.

सहा महिने तालीम चालली. संध्याकाळी पोळ्या लाटताना ती ते पद म्हणायची, आणि अवघड जागा आली की लाटणं थांबायचं. मला ते पद तिच्या तोंडून फार आवडायचं. हे मी तिला कधी सांगितलं नाही. घरात रोज ऐकणाऱ्याने काय सांगायचं?

त्या दिवशी दुसऱ्या अंकानंतर आम्ही पाच-सहा जण बाहेर चहा पीत होतो. यशवर्धनराव म्हणाले, "काय चिंतामण, आज तर घरचाच वन्समोर!" सगळे हसले. दुसरा कोणी बोलला, "रात्रीचं जेवण पाहिजे असेल तर ओरडावंच लागेल भिया." पुन्हा हसले. मीही हसलो. पण माझ्या डोक्यात ते बसलं. सगळ्या गावाला माहीत की पहिला आवाज खंडवेकरचा. आज बायको गाते आहे, आणि नवराच ओरडतो आहे, लोक काय म्हणतील?

पद झालं. चौघांत दुसऱ्या कोणी तसं म्हटलं नाही, आणि हे मी नवरा म्हणून लिहीत नाही. अरविंदने सूर धरला. माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. माझ्या मांडीवर यतीन होता, आठ वर्षांचा, त्यानेही माझ्याकडे पाहिलं. मी श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि यशवर्धनरावांचं हसू आठवलं. मी तो आवाज गिळला. गिळताना खोकला आला. कॅसेटवर अकरा सेकंद ऑर्गनचा एकच सूर आहे, आणि त्यात एक खोकला. तो खोकला माझा आहे.

इंदूर आहे हे. पहिला ओरडला नाही, तर दुसरा कसा ओरडेल? सगळ्यांना वाटलं असेल, खंडवेकर गप्प आहे म्हणजे काही तरी चुकलं. अकरा सेकंदांनी अरविंदने सूर सोडला.

स्कूटरवरून घरी येताना सुहासिनीने मागून विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, "लोक आज थंड होते." हे खोटं होतं. पुढे दोन प्रयोग ठरले होते. ती म्हणाली, घसा बसला आहे. नाटक बंद झालं ते बावीस वर्षं बंद राहिलं. तिने तानपुरा शाळेला देऊन टाकला. तेव्हापासून ती गायलेली नाही. गणपतीच्या आरतीला टाळ वाजवते आणि नुसते ओठ हलवते. हे घरात कोणाच्या लक्षात आलं नसेल. माझ्या आलेलं आहे, बेचाळीस गणपती.

यशवर्धनरावांवर मी पुष्कळ वर्षं राग धरला. त्यांच्या मयतीला गेलो नाही. तो राग मी या कागदाने सोडतो. त्यांनी विनोद केला होता. तोंड माझं होतं.

ही कॅसेट माझ्यामागे सुहासिनीला द्यावी आणि हे कलम तिला वाचून दाखवावं. तोंडाने सांगायचं धाडस मला झालं नाही.

कलम ७ ची जोड. वरचं कलम खोडता आलं असतं, पण खाडाखोड असली की कोर्टात शंका घेतात, म्हणून खाली लिहितो. हा कागद मी गुरुवारी जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीखाली विसरलो. सुहासिनी विजेचं बिल शोधत होती. मी बाजारातून आलो तर ती चष्मा लावून बसलेली, कागद समोर.

"कॅसेट कशाला लपवली?" म्हणाली. "तो खोकला तुमचा होता हे मला तिथेच कळलं. दहा वर्षं संसार केल्यावर नवऱ्याचा खोकला ओळखायला टेप लागत नाही."

मी बसलो.

"हॉलचं मला काही वाटलं नाही," म्हणाली. "हॉल तुमच्या तोंडाकडे बघतो हे मला माहीत होतं. पण मालोजीसाठी ओरडलात. कोणाकोणासाठी ओरडलात, त्या बेसुऱ्या विदूषकासाठीसुद्धा. आणि माझ्या वेळी खोकलात. मी समजले, ह्यांना आवडलं नाही. ह्यांना कळतं, आणि ह्यांना आवडलं नाही."

मी म्हटलं, "आवडलं होतं."

"काय?"

माझा आवाज त्या दिवशी फारच बसला होता. तिला ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हटलं, "फार आवडलं होतं गं."

तिने चष्मा काढून कागदावर ठेवला. मग म्हणाली, "एकेचाळीस वर्षं सांगायला काय झालं होतं तुम्हाला? दातखीळ बसली होती? लोक काय म्हणतील, लोक काय म्हणतील! लोक गेले सगळे, यशवर्धनराव गेले, मी आहे ना इथे बसलेली!" मग स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटली. माझं चुकलं. मी तिचं गाणं घालवलं, आणि स्वतःची अब्रू सांभाळली, जिला कोणी हात लावणार नव्हतं. हे मी डोकं शाबूत असताना लिहितो आहे.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, औषध हातावर ठेवायची, तोंडातून शब्द नाही. शनिवारी संध्याकाळी म्हणाली, "अरविंदभावजी साक्षीदार म्हणून येणार आहेत ना? त्यांना म्हणावं, येताना पेटी घेऊन या." कशाला, असं विचारायची माझी छाती झाली नाही.

कलम ८. तिसऱ्या रांगेतली पहिली खुर्ची आणि पहिला वन्समोर देण्याचं काम. स्वानंदीचा पुढचा प्रयोग रविवारी, ११ जानेवारी २०२६ ला आहे. तेव्हा मी असेन तर मुका असेन. हे काम मी सौ. सुहासिनी हिला देतो. धनेशने मागितलं होतं. शिट्टीमुळे नामंजूर. यतीनही म्हणाला, "बाबा, आई स्वतःच्या नातीसाठी ओरडणार? बरं दिसेल का?" यतीन, याच प्रश्नापायी तुझ्या आईचं गाणं गेलं, तो तू पुन्हा विचारू नकोस. घरच्या माणसाने वन्समोर द्यायचा नसतो, असा कुठे नियम नाही. तो मी माझ्यापुरता केला होता, तो आज रद्द करतो. घरच्याने आधी ओरडावं. त्याने घरी रियाज ऐकलेला असतो, त्याला जास्त माहीत असतं.

आणि मोबाईलवाल्या पोरांना स्वानंदीने आधीच सांगून ठेवावं की एक हात रिकामा ठेवा.

कलम ९. माझ्यामागे मंडळ शोकसभा घेईल. घेऊ दे. पण दोन मिनिटं मौन पाळू नये. मौनाचा माझा अनुभव चांगला नाही.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी यतीनने करावी. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असं वकील म्हणाले, त्यामुळे अरविंदला आणि डॉक्टरसाहेबांना मी काही ठेवलेलं नाही. त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. अरविंद, तू सत्तेचाळीस वर्षं माझ्यासाठी सूर धरलास, त्याचं काय द्यायचं ते मला सुचतही नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि तो मला मान्य आहे.

(सही) चिं. रा. खंडवेकर

साक्षीदारांचे निवेदन

आम्ही खाली सही करणारे असे लिहून देतो की श्री. चिंतामण खंडवेकर यांनी वरील मृत्युपत्रावर आज सकाळी साडेदहा वाजता त्यांच्या राहत्या घरी आमच्या समक्ष सही केली व त्यांच्या समक्ष आम्ही सही करीत आहोत. त्या वेळी ते पूर्ण शुद्धीत होते. सही झाल्यावर श्री. खंडवेकर यांनी पुढील गोष्टही साक्षीत नोंदवावी असा आग्रह धरला. मी डॉक्टर आहे, मला असे निवेदन लिहिण्याची सवय नाही, तरी जे पाहिले ते लिहितो.

सौ. सुहासिनी खंडवेकर स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या व खुर्चीवर बसल्या. श्री. अरविंद चांदोरकर यांनी पेटीवर सूर दिला. सौ. खंडवेकर यांनी 'कशी उचलू पाऊल दाराबाहेर' हे पद म्हटले. आवाज सुरुवातीला दोनदा अडकला, तिसऱ्या ओळीनंतर अडकला नाही. नात स्वानंदी जिन्यात उभी होती, ती तिथेच पायरीवर बसली. पद संपल्यावर श्री. खंडवेकर उभे राहिले आणि "वन्समोर" असे म्हणाले. आवाज अत्यंत बसलेला होता, परंतु शब्द स्पष्ट होता. खोकला आला नाही. ते एकूण तीन वेळा म्हणाले.

(सही) डॉ. श्रीहरी पुराणिक, साक्षीदार क्र. १

डॉक्टरसाहेबांनी लिहिलं ते बरोबर आहे. पुढचं मी लिहितो. वन्समोर आला तसा मी सूर धरून ठेवला. बराच वेळ धरला. वहिनींनी डोळे पुसले आणि चिंतामणला म्हणाल्या, "आज नाही. बुधवारी शुद्धीवर आलात की घरी यायची तयारी करा. घरी आलात की म्हणेन. तुम्हाला बोलता नाही आलं तरी चालेल, ऐकायला तर येईल." चिंतामणने मान हलवली. मी पेटी बंद करून उचलायला लागलो, तर वहिनी म्हणाल्या, "भावजी, पेटी राहू द्या इथेच." म्हणून पेटी तिथेच ठेवून आलो आहे.

(सही) अरविंद चांदोरकर, साक्षीदार क्र. २

स्थळ: अन्नपूर्णा, इंदूर
दिनांक: रविवार, ९ नोव्हेंबर २०२५